गोष्ट कळल्यानंतरचा सिनेमा

रहस्यकथेचं शेवटचं पान आधीच वाचलं की पुस्तकातली गंमत गेली, असं आपण धरून चालतो. खून कुणी केला हे ठाऊक असलेला सिनेमा पुन्हा लावला, तर अर्ध्या तासात हात मोबाइलकडे जातो. मग काही सिनेमांच्या बाबतीत याच्या नेमकं उलट का घडतं? पहिल्यांदा पाहताना जांभया येतात, मनात एकसारखं ‘आता तरी काही घडेल का’ चाललेलं असतं, आणि सिनेमा संपल्यावर सुटल्यासारखं वाटतं. काही वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा पाहायला घेतला, की उठवत नाही. गोष्ट तीच, लांबी तीच, एकही शॉट कमी-जास्त झालेला नाही. तरी पहिल्या वेळी लांबलचक वाटलेला प्रसंग या वेळी लवकर संपला असं वाटतं.

संथ, विचारप्रधान सिनेमांच्या चाहत्यांना हा अनुभव नवा नाही. ‘जाणकारी वाढली’ एवढंच त्याचं कारण सांगून विषय संपवला जातो, पण ते कारण पुरेसं नाही. आपलं लक्ष, आपले डोळे, वेळेची आपली जाणीव आणि आपली स्मृती या चारही गोष्टी दुसऱ्या वेळी वेगळ्या रीतीने काम करतात. गेल्या शंभरेक वर्षांत मानसशास्त्राने याबद्दल बरंच काही शोधून काढलं आहे. ते समजून घ्यायला दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘स्टॉकर’ या १९७९ सालच्या विज्ञानपटाइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण. (पुढे सिनेमाचा शेवट सांगितलेला आहे. तो कळल्याने नुकसान होत नाही, हेच या लेखाचं म्हणणं आहे.)

तीन माणसं आणि एक खोली

‘स्टॉकर’चा आधार आहे अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांची ‘रोडसाइड पिकनिक’ ही १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. पटकथाही या दोघांच्याच नावावर आहे. मात्र कादंबरीतला बराचसा विज्ञानकथेचा सरंजाम तारकोव्हस्कींनी काढून टाकला. उरली ती अगदी साधी गोष्ट.

एका निनावी देशात ‘झोन’ नावाचा प्रदेश आहे. तिथे काहीतरी घडलं. उल्का पडली असेल, परग्रहावरून कुणी येऊन गेलं असेल. पाठवलेलं सैन्य परत आलं नाही, म्हणून भोवती काटेरी कुंपण आणि पहारा आहे. झोनच्या आत एक खोली आहे आणि तिथे पोचणाऱ्याची सर्वांत खोलवरची इच्छा पुरी होते असं म्हणतात. चोरवाटांनी लोकांना तिथवर नेणारा एक वाटाड्या, म्हणजे स्टॉकर, एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन निघतो. तिघं खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पोचतात. आत कुणीच जात नाही. तिघं परत येतात.

एवढ्या कथेला सिनेमा दोन तास चाळीस मिनिटं घेतो. राक्षस नाहीत, यानं नाहीत, स्फोट नाहीत. झोन म्हणून दिसतं ते गवत, गंजलेलं लोखंड, साचलेलं पाणी आणि पडीक इमारती. चित्रीकरणाचा मोठा भाग एस्टोनियात, ताल्लिनजवळच्या यागाला नदीकाठच्या बंद पडलेल्या जलविद्युत केंद्रांच्या परिसरात झाला. हा सिनेमा तारकोव्हस्कींना स्वतःलाच दोनदा करावा लागला. १९७७ मध्ये चित्रित केलेली फिल्म खराब निघाली आणि नव्या छायालेखकासह जवळजवळ सगळं काम पुन्हा करावं लागलं. आज आपण पाहतो तो अलेक्सांद्र क्न्याझिन्स्की यांच्या कॅमेऱ्यातून उतरलेला सिनेमा.

कट नसला की लक्षाचं काय होतं?

‘स्टॉकर’मध्ये साधारण १४२ शॉट आहेत. म्हणजे एक शॉट सरासरी एक मिनिटाहून अधिक चालतो आणि काही शॉट चार-चार मिनिटं टिकतात. गेल्या काही दशकांतल्या हॉलिवूडच्या लोकप्रिय सिनेमांत हीच सरासरी बहुधा तीन ते सहा सेकंदांच्या आसपास असते. ‘संथ’ या शब्दामागचा हिशेब असा आहे.

शॉट बदलला की पडद्यावरचं सगळं चित्र एका क्षणात बदलतं. असा अचानक बदल झाला की माणूस आपोआप त्याकडे वळतो, त्यासाठी ठरवावं लागत नाही. दार आपटलं की मान वळते, ती याच प्रतिक्षेपामुळे. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी त्याला ‘हे काय आहे?’ प्रतिक्षेप म्हटलं होतं. वेगवान संकलनाचा सिनेमा दर काही सेकंदांनी हा प्रतिक्षेप चाळवतो. आपल्याला वाटतं आपण लक्ष देऊन पाहतोय. प्रत्यक्षात लक्ष आपल्याकडून ओढून घेतलं जात असतं.

पावलोव्हनंतरच्या पिढीत मॉस्को विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांनी या प्रतिक्षेपाचा बारकाईने अभ्यास केला. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की प्रतिसाद हळूहळू मावळतो. याला ‘सराव होणं’ म्हणता येईल. सोकोलोव्ह यांचं स्पष्टीकरण असं, की मज्जासंस्था त्या आवाजाचा एक नमुना तयार करून ठेवते. पुढचा आवाज नमुन्याशी जुळला तर दखल घ्यायचं कारण उरत नाही. जुळला नाही, मग तो आवाज वाढलेला असो, कमी झालेला असो की यायच्या वेळी आलाच नसो, तर प्रतिक्षेप पुन्हा जागा होतो.

लांब शॉटमध्ये हेच घडतं. पहिल्या काही सेकंदांत चित्राची ओळख पटते, सराव होतो आणि प्रतिक्षेप शांत होतो. इथे प्रेक्षकापुढे दोनच वाटा असतात. एक कंटाळ्याची. दुसरी, लक्ष आपलं आपण चित्रात हिंडवण्याची. पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा पहिल्या वाटेला लागतो, कारण वर्षानुवर्षं सिनेमानेच त्याचं लक्ष हलवलेलं असतं आणि या वेळी सिनेमा ते काम करत नाही. पण जो थांबून राहतो त्याची नजर आणि कान अधिक तीक्ष्ण होतात. चित्र स्थिर असल्यामुळे पाण्याचा एक थेंब पडला तरी ती घटना होते.

ट्रॉलीवरची चार मिनिटं

पहारा चुकवून तिघं रेल्वेच्या एका मोटर-ट्रॉलीवर बसतात आणि झोनकडे निघतात. इथपर्यंतचा सिनेमा तपकिरी छटेतल्या एकरंगी चित्रात आहे. जवळजवळ चार मिनिटं कॅमेरा आळीपाळीने या माणसांच्या डोक्यांवर राहतो. कधी एका बाजूचा चेहरा, कधी पाठमोरी मान. मागचा परिसर अस्पष्ट सरकत जातो. संवाद नाही. सोबतीला फक्त चाकांचा रुळांवरचा खडखडाट.

पहिल्यांदा पाहताना आपण वाट पाहतो ती पोचण्याची. या प्रवासात घडत काहीच नाही असं वाटतं. घडत मात्र असतं, आणि ते कानाशी. संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव यांनी त्या खडखडाटावर इलेक्ट्रॉनिक प्रक्रिया केली आहे. सुरुवातीला लोखंडाचा साधा ठोका ऐकू येतो. मग त्यात किंचित घुमारा मिसळतो. पुढे ठोका कमी आणि घुमारा जास्त होत जातो. शेवटाकडे ऐकू येणारा आवाज कुठल्याच ट्रॉलीचा नसतो. तो एका अपरिचित जागेचा आवाज झालेला असतो.

हा बदल पहिल्या वेळी निसटतो, यात प्रेक्षकाची चूक नाही. सोकोलोव्ह यांच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नवा ठोका आधीच्या नमुन्यापासून इतका थोडा वेगळा असतो की नमुनाच नकळत त्याच्याबरोबर बदलत जातो. प्रतिक्षेप चाळवलाच जात नाही. त्यामुळे एकदम पडद्यावर रंग येतो, हिरवं गवत दिसतं, चाकांचा आवाज थांबतो, तेव्हा आपण दुसऱ्याच जगात येऊन पडल्याची जाणीव होते. कसे आलो हे मात्र सांगता येत नाही.

दुसऱ्या वेळी रंग येणार हे ठाऊक असतं. पोचण्याची घाई नसते. त्यामुळे कान मोकळे होतात आणि आवाजात पहिला फरक कुठे पडला ते शोधता येतं. तो क्षण सापडला की लक्षात येतं, झोनची हद्द कुंपणापाशी नव्हतीच. ती या चार मिनिटांत कुठेतरी ओलांडली गेली. ‘काहीच घडत नाही’ म्हणून जो प्रसंग आपण सहन केला, तोच सिनेमातला सर्वांत मोठा प्रवास ठरतो.

प्रश्न बदलला की नजर बदलते

आपल्या डोळ्याच्या मध्यभागी अगदी स्पष्ट दिसणारा टापू फार लहान असतो. हात लांब धरला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला त्या क्षणी नेमकं दिसतं. बाकीचं चित्र धूसर असतं. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन-चार वेळा उडी मारून नवी जागा पकडतात. आपण काय पाहिलं हे या उड्या कुठे पडल्या यावर ठरतं.

सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी या उड्यांची नोंद घेण्यासाठी डोळ्यावर बसणारी एक बारीकशी टोपी वापरली. रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचं एक प्रसिद्ध चित्र आहे: दीर्घ गैरहजेरीनंतर एक माणूस अचानक घरी परततो आणि खोलीतली माणसं त्याच्याकडे पाहतात. यार्बुस यांनी एकाच व्यक्तीला हे चित्र अनेकदा, दर वेळी तीन मिनिटं, दाखवलं. प्रश्न मात्र दर वेळी बदलला. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी आहे, असं विचारल्यावर नजर सामानसुमानावर आणि कपड्यांवर फिरली. माणसांची वयं विचारल्यावर चेहऱ्यांवर थांबली. हा माणूस किती दिवस दूर होता असं विचारल्यावर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर येरझाऱ्या घालू लागली. चित्र तेच, माणूस तोच, पण नजरेच्या वाटांचे आराखडे अगदी निराळे.

यार्बुस यांचं हे काम १९६० च्या दशकातलं, आणि सिनेमा पुन्हा पाहण्याचं गुपित त्यात आहे. पहिल्या वेळी आपल्या मनात एकच प्रश्न असतो: ‘पुढे काय होणार?’ त्या प्रश्नाचं उत्तर चेहऱ्यांवर, दारांवर आणि वाटेच्या टोकाला मिळण्याची शक्यता असते. नजर तिथेच जाते. वेगवान सिनेमात तर जवळजवळ सगळ्या प्रेक्षकांची नजर एकाच वेळी एकाच जागी असते, असं नजरेच्या नोंदींवरून दिसलं आहे. दर कटनंतर ती पडद्याच्या मध्याकडे येते आणि शॉट लांबत गेला की प्रत्येकाची वेगळ्या दिशेला पांगू लागते. लांब शॉट म्हणजे नजरेला पांगायला दिलेली मुदत.

‘स्टॉकर’मधला पाण्यावरचा शॉट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वाटेत तिघं विसावा घेतात. स्टॉकर पाण्याच्या मधोमध जमिनीच्या एका ओल्या तुकड्यावर पडलेला असतो. कॅमेरा उथळ पाण्यावरून अगदी जवळून, सावकाश सरकत जातो. तळाशी वस्तू दिसतात: सिरिंज, नाणी, स्प्रिंग, बंदूक, कॅलेंडरचं पान, आणि यान व्हॅन आइक यांच्या गेन्टच्या वेदीचित्रातला संत योहानाचा भाग. शेवटी कॅमेरा स्टॉकरच्या हातापाशी येतो.

पहिल्या वेळी आपण या वस्तूंकडे संकेत म्हणून पाहतो. बंदूक आहे, म्हणजे गोळी सुटणार का? सिरिंज कुणाची? कथेत त्याचं उत्तर मिळत नाही आणि वैताग येतो. दुसऱ्या वेळी माहीत असतं की यातली एकही वस्तू पुढे कामाला येणार नाही. मग प्रश्न बदलतो. ‘ही कशासाठी?’ ऐवजी ‘इथे काय काय आहे?’ असा होतो. तेव्हा दिसतं की औषध, पैसा, शस्त्र, श्रद्धा आणि दिनदर्शिका, म्हणजे माणसाने ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्या बऱ्याच वस्तू, सारख्याच गाळात, सारख्याच पाण्याखाली पडल्या आहेत. हा अर्थ कुणी बोलून दाखवत नाही. नजर सावकाश फिरली तरच तो हाती लागतो.

वेळ कधी लांबतो?

बसथांब्यावरची दहा मिनिटं लांब आणि गप्पांमधला तास छोटा, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यामागचं कारण प्रयोगांतून बरंचसं स्पष्ट झालं आहे. ‘किती वेळ गेला ते नंतर सांगायचं आहे’ असं आधीच बजावलं, तर माणसाला तोच अवधी अधिक लांब वाटतो. न सांगता नंतर विचारलं तर कमी वाटतो. वेळेकडे जितकं लक्ष, तितका वेळ लांब.

संथ सिनेमा पहिल्यांदा पाहताना आपण नेमकं हेच करतो. हा शॉट कधी संपेल, ही माणसं कधी पोचतील, सिनेमा अजून किती उरला आहे? शेवट कुठे आहे ते माहीत नसल्यामुळे अपेक्षा सतत ताणलेली राहते आणि लक्ष पडद्यावरून घड्याळाकडे वळतं. दुसऱ्या वेळी ही अनिश्चितता नसते. ट्रॉलीचा प्रवास चार मिनिटांचा आहे हे माहीत असलेला प्रेक्षक ती चार मिनिटं मोजत नाही. त्याचं लक्ष आवाजात गुंतलेलं असतं. म्हणून सेकंदाचाही फरक नसलेला प्रसंग दुसऱ्यांदा छोटा वाटतो.

तारकोव्हस्कींना हे मर्म ठाऊक होतं. सिनेमाचा खरा कच्चा माल म्हणजे वेळ, असं त्यांनी आपल्या लेखनात पुन्हा पुन्हा मांडलं. आधीच्या पिढीतले दिग्दर्शक सर्गेई आइझेन्स्टाइन शॉटवर शॉट आदळून अर्थ निर्माण होतो असं मानत. तारकोव्हस्कींना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते लय संकलनातून येत नाही, शॉटच्या पोटात वेळ कसा वाहतो त्यावर ती ठरते.

शेवट माहीत असण्याचा फायदा

पुढचं कळल्याने गंमत जाते, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाचकांना लघुकथेचा शेवट आधीच सांगितला, काहींना सांगितला नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने अधिक आवडल्या. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आले नाहीत, त्यामुळे याला नियम म्हणता येणार नाही. पण शेवट कळणं म्हणजे आनंद संपणं नव्हे, एवढं खरं.

यामागचं तंत्र अंदाजाचं आहे. आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री झॅक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार, अंदाज चुकला की मेंदू ‘एक घटना संपली, दुसरी सुरू झाली’ अशी खूण करतो आणि अशा तुकड्यांनी अनुभव साठवतो. ‘स्टॉकर’ पहिल्यांदा पाहताना या खुणा करायला ठळक जागाच सापडत नाहीत. दुसऱ्या वेळी मोठा आराखडा मनात तयार असतो, म्हणून छोट्या खुणा करता येतात.

आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची बैठक आठवून पाहा. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, राग ओळखीचा, सम कुठे येणार ते तबला सांगत असतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराच्या आसपासही जातं. ज्याला तालाचा अंदाज नाही त्याला हे मिनिट रिकामं वाटतं. ज्याला समेची जागा ठाऊक आहे तो मात्र आलापात गुंतून जातो आणि गायक समेवर येताच त्याच्याकडून आपोआप दाद जाते. पुढचं माहीत असल्यामुळेच त्याला मधलं ऐकू येतं.

‘स्टॉकर’मध्ये अशा मधल्या जागा भरपूर आहेत. वाटेत प्राध्यापक विसरलेली पाठपिशवी आणायला मागे फिरतो. झोनमध्ये आल्या वाटेने परतायचं नाही, हा स्टॉकरचा कडक नियम आहे. पहिल्या वेळी वाटतं, जेवणाच्या पिशवीपायी हा शहाणा माणूस जीव धोक्यात का घालतोय? शेवटी कळतं की पिशवीत वीस किलोटनांचा बॉम्ब आहे आणि तो खोली उडवून द्यायला आला आहे, कारण ती दुष्टांच्या हाती पडण्याची त्याला भीती वाटते. दुसऱ्या वेळी पिशवीकडे जाणारी त्याची प्रत्येक नजर वेगळी दिसते. आधी चिक्कू वाटलेला माणूस आता घाबरलेला वाटतो.

आता पहिला आणि शेवटचा प्रसंग शेजारी ठेवून पाहा. सुरुवातीला पलंगाशेजारच्या टेबलावर पाण्याचा पेला आहे. आगगाडी जाते, घर हादरतं आणि पेला थरथरत सरकतो. अगदी शेवटी स्टॉकरची चालता न येणारी मुलगी टेबलावर डोकं टेकून काचेच्या भांड्यांकडे पाहते आणि ती एकामागून एक सरकू लागतात. गाडीचा आवाज येतो तो त्यानंतर. पहिल्या वेळी सुरुवातीचा पेला आपण विसरलेला असतो. दुसऱ्या वेळी तो लक्षात असतो, म्हणून शेवटी प्रश्न टोकदार होतो: भांडी गाडीने हलली की मुलीने? ज्या चमत्कारासाठी तीन माणसं झोनमध्ये गेली, तो घरातल्या टेबलावर होता का? पहिल्या दृश्यापासून सिनेमा हा प्रश्न मांडत आला आहे, हे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कळणं जवळजवळ अशक्य आहे.

मधल्या काळात काय बदललं?

दोन वेळा पाहण्यात काही वर्षं गेलेली असतात. या काळात सिनेमाची आठवणही बदलते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं, की माणूस ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही. तो ती आठवताना दर वेळी नव्याने रचतो, अनोळखी तपशील गाळतो, उरलेले आपल्या समजुतीशी जुळवून घेतो. त्यामुळे पुन्हा पाहताना आपल्या मनातला ‘स्टॉकर’ आणि पडद्यावरचा ‘स्टॉकर’ जुळत नाहीत. स्टॉकर एक अडाणी, भाबडा वाटाड्या म्हणून लक्षात राहिलेला असतो. शेवटी तो घरी परतून कोलमडतो तेव्हा त्याच्या खोलीची भिंत पुस्तकांनी भरलेली दिसते आणि आपण बांधलेली त्याची प्रतिमा मोडते.

कधी कधी जगच बदलतं. हा सिनेमा आला १९७९ मध्ये. सात वर्षांनी, एप्रिल १९८६ मध्ये, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. माणसं हलवली गेली, प्रवेशबंदीचा प्रदेश आखला गेला आणि त्यालाही झोनच म्हटलं जाऊ लागलं. पुढे तिथे चोरून शिरणाऱ्यांना ‘स्टॉकर’ हेच नाव मिळालं. त्यानंतर हा सिनेमा पाहणाऱ्याला ओस इमारती आणि माजलेलं गवत पूर्वीच्या प्रेक्षकासारखं दिसणं शक्य नव्हतं. तारकोव्हस्कींनी भाकीत केलं होतं असं म्हणणं चुकीचं होईल. सिनेमात मोकळ्या ठेवलेल्या जागेत इतिहासाने आपला अर्थ आणून ठेवला, एवढंच म्हणता येतं. सगळं स्पष्ट करून टाकणाऱ्या सिनेमात अशी जागा उरत नाही.

चौकट: थोडक्यात

- कट झाला की लक्ष आपोआप वळतं. लांब शॉटमध्ये ही ओढ नसते, लक्ष आपल्यालाच फिरवावं लागतं.
- मनातला प्रश्न ठरवतो की नजर कुठे जाईल. ‘पुढे काय?’ हा प्रश्न सुटला की नजर उरलेल्या चित्राकडे वळते.
- वेळेकडे लक्ष गेलं की वेळ लांबतो. शेवट माहीत असला की घड्याळाकडे लक्ष जात नाही.
- मोठा आराखडा मनात असला की बारीक बदल टिपता येतात.
- आठवण आणि सिनेमा यांतला फरक पुन्हा पाहिल्यावरच कळतो.

पुन्हा पाहायचा असेल तर

संथ असणं हा आपोआप गुण ठरत नाही. नुसतेच लांबवलेले सिनेमेही असतात आणि ते दुसऱ्यांदा पाहिले तर अधिकच पोकळ वाटतात. कसोटी सोपी आहे: गोष्ट कळल्यानंतर पडद्यावर पाहायला काही उरलं आहे का? ‘स्टॉकर’ या कसोटीला पुरेपूर उतरतो.

महाराष्ट्रात संथ सिनेमा पाहण्याची परंपरा आहे. पुण्यातलं फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ, गावोगावच्या फिल्म सोसायट्या यांनी अनेक पिढ्यांना जगाचा सिनेमा दाखवला. काळोख्या सभागृहात शेजारी बसून पाहताना मध्येच उठून जाता येत नसे, आणि ते बरंच होतं. आज घरच्या पडद्यावर सिनेमा दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण हाताशी असतं. त्या बटणाने नेमका तोच भाग जातो ज्यासाठी हा सिनेमा पुन्हा पाहायचा.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत थोडा काळ जाऊ द्या. दुसऱ्या वेळी गोष्टीचा पाठलाग करू नका, ती तुम्हाला माहीत आहे. एखादा प्रसंग फक्त कानांनी पाहा, आणि ट्रॉलीचा प्रवास त्यासाठी उत्तम आहे. लांब शॉटमध्ये कंटाळा आला तर तो घालवायची घाई करू नका, आणखी अर्धं मिनिट थांबा, कारण सराव होऊन नजर मोकळी व्हायला थोडा अवधी लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘स्टॉकर’ कधीतरी पाहून अर्ध्यावर सोडला असेल, किंवा ‘आपल्याला नाही बुवा कळत’ म्हणून बाजूला ठेवला असेल, तर तो पुन्हा लावा. पहिल्या वेळी तुम्ही गोष्ट पाहिलीत. सिनेमा पाहायचा अजून राहिला आहे.